कमरेएवढं पाणी

"पाय घसरला हो तिचा. धक्क्यावर शेवाळ होतं."

पडद्यापलीकडे आई कुणाला तरी सांगत होती. मला ती दिसत नव्हती. माझ्या डोक्याला दोन्ही बाजूंनी चिमटा बसवून त्याला दोरीने वजन टांगलं होतं आणि मान हलवायला सक्त मनाई होती. त्यामुळे मला दिसायचं ते फक्त छत आणि पंख्याच्या पात्यांवरची धूळ.

"मग पाण्यात पडली?" दुसरा आवाज म्हणाला. शेजारच्या खाटेवरच्या आजींची सून असावी.

"पाण्यातच. पण कडेला दगड होता ना."

"एकटीच गेलेली?"

"छे छे. मैत्रीण होती, मैत्रिणीची आई होती. सगळी होती."

आई हे इतक्या घाईने म्हणाली की मला तिची कीव आली. वयात आलेली मुलगी आणि पाणी, एवढं कानावर पडलं की लोक पुढची गोष्ट आपली आपण जुळवतात. आई शेवाळ मध्ये घालून ती गोष्ट अडवत होती.

माझा पाय घसरला नव्हता. पण त्या वेळी मी काही बोलले नाही. बोलायची सवय मला आधीही फारशी नव्हती.

*

आम्ही बोईसरला राहतो. बाबा औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड कारखान्यात सुपरवायझर आहेत, आणि कारखान्याच्याच कॉलनीत आमचं घर. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. शाळेत बोलायचं ते घरी चालत नसे, घरी बोलायचं ते शाळेत. त्यामुळे असेल, मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. पालघरच्या कॉलेजात नंदा भेटली तेव्हा मला बरं वाटलं ते यासाठी, की ती माझ्याही वाटचं बोलायची. ती दांडीची, बोईसरजवळच्या खाडीकाठच्या गावातली, मच्छीमारांच्या घरातली.

पोहायला मी मामाकडे पुण्याला शिकले, सुट्टीत. तिथल्या तलावाच्या भिंतीवर पाण्याची खोली रंगवून लिहिलेली असे. सूर मारणं ही एकच गोष्ट मला चारचौघांत करायला लाज वाटत नसे. पाण्याखाली गेलं की कुणी काही विचारत नाही.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला नंदाने मला घरी नेलं. भर दुपारी खाडी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागली होती. पूजा झाली, नारळ सोडले, आणि ते पकडायला पोरांनी धडाधड उड्या घेतल्या. नंदा म्हणाली, "तुला येतं ना? मग बघतेस काय!" मी ओढणी तिच्याकडे दिली आणि सूर मारला. नारळ घेऊन वर आले तेव्हा नंदाचे वडील धक्क्यावरून ओरडत होते. त्यांना सगळा गाव भाऊ म्हणायचा.

"आयला, कॉलनीची पोर तर मासळी हाय! नंदे, हिला आपल्याच गावात देऊन टाक कुठं तरी!"

"आमची पोरं तिला पसंत पडतील काय?" नंदाची आई म्हणाली, आणि सगळे हसले. मीही हसले. इतक्या लोकांनी एकदम माझं कौतुक केल्याचं मला दुसरं आठवत नाही.

पुढच्या रविवारी मी पुन्हा दांडीला गेले. मुद्दाम त्याच वेळेला गेले, म्हणजे तेवढंच पाणी मिळेल. माझ्या डोक्यात भरती घड्याळाला बांधलेली होती. दांडीत ती तिथीला बांधलेली असते. पुनवेला आणि अवसेला उधाण. मधल्या दिवसांत, अष्टमीच्या सुमाराला, भांग. भांगाला पाणी फार चढत नाही, आणि भरतीची वेळही पार सरकलेली असते. पुनवेच्या दुपारी तुडुंब असलेली खाडी अष्टमीच्या दुपारी ओसरलेली असते. नंदाच्या घरात हे कुणी कुणाला शिकवत नाही. दिवस उजाडला हे जसं कुणी कुणाला सांगत नाही, तसंच ते. त्यामुळे मलाही कुणी सांगितलं नाही, आणि विचारण्यासारखं काही आहे हे मला ठाऊक नव्हतं.

नंदा आईबरोबर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, निवडत होती. "हो पुढं, मी आलेच," म्हणाली. तिला वाटलं मी पायरीवर बसेन.

पाणी खाली गेलेलं मला दिसलं होतं. वरच्या पायऱ्या उघड्या होत्या. मला वाटलं, उडी उंचावरून होईल, बरंच आहे. पावसाने खाडी गढूळ होती, तळ दिसत नव्हता. मी हात जुळवले आणि सूर मारला.

*

दुखलं नाही. डोक्यात एक दणका बसला आणि मग सगळं अंग कुणीतरी काढून घेतल्यासारखं हलकं झालं. मी पालथी तरंगत होते. डोळे उघडे होते. माझे हात माझ्यासमोर पाण्यात हलत होते, पण मी ते हलवत नव्हते. वळायचं होतं, वळता येत नव्हतं. ओरडायला तोंड उघडलं तर पाणी आत गेलं.

भाऊंनी धक्क्यावरून पाहिलं आणि ते पाण्यात उतरले. पाणी त्यांच्या कमरेपर्यंत आलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. त्यांनी मला खांद्यावर टाकलं आणि पोटातलं पाणी निघावं म्हणून हलवलं. कुणी म्हणालं, "पानी गेलं पोटात, बसवा तिला, बसवा!" मला भिंतीला टेकवून बसवलं. डोकं पुढे पडलं ते नंदाने छातीशी धरलं. मासळीच्या टेम्पोत नंदाला टेकून बसवूनच मला बोईसरला आणलं. रस्ता खराब होता. नंदा सारखी एकच विचारत होती, "मीनल, माझा हात दाब ना. दाब ना गं."

त्यांनी मला बुडू दिलं नाही. हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. बुडणाऱ्या माणसाला त्या गावात वर्षानुवर्षं असंच काढतात, आणि माणसं वाचतात. पण मी बुडाले नव्हते, माझी मान मोडली होती, आणि ते बाहेरून दिसत नाही. पुढे हॉस्पिटलात मला कळलं की पाण्यात डोक्यावर पडलेल्या माणसाला लगेच उचलायचं नसतं. पाण्यातच उताणं करायचं. मान आणि डोकं दोन्ही हातांनी धडाच्या रेषेत धरून ठेवायचं, तोंड पाण्याबाहेर राहील असं. खाली सपाट फळी सरकवेपर्यंत तसंच तरंगत ठेवायचं. फळी नसली तर घराचं दार काढून आणलं तरी चालतं. बसवायचं नाही, वाकवायचं नाही.

उचलण्यात माझं किती बिघडलं आणि तळाच्या दगडावर आपटून किती, हे कुणालाच सांगता येत नाही. मीही विचारणं सोडलं. हे लिहिते आहे ते एवढ्यासाठी, की दुसऱ्या कुणाला उपयोग झाला तर व्हावा.

*

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात मोठे डॉक्टर सकाळी विद्यार्थ्यांना घेऊन यायचे. त्यांनी माझ्या तळपायाला किल्लीने रेघ ओढली, ती मला कळली नाही, डोळे खाली वळवले तेव्हा फक्त त्यांचा खांदा हललेला दिसला. मग ते विद्यार्थ्यांशी इंग्रजीत बोलू लागले. आई-बाबा खाटेच्या पायाशी उभे होते, वर्गात उशिरा आलेल्या मुलांसारखे. डॉक्टरांना वाटलं असेल, हीसुद्धा त्यांचीच मुलगी, हिला इंग्रजी कुठलं कळणार.

मला शब्द न् शब्द कळत होता. मज्जारज्जू कुठे चेपला आहे, हात किती परत येतील, बोटं किती येणार नाहीत, आणि पाय. पायांबद्दल त्यांनी 'परमनंट' हा शब्द वापरला. एका विद्यार्थ्याने वय विचारलं. डॉक्टर म्हणाले, "वीस," आणि किल्ली खिशात टाकली.

बाबांनी विचारलं, "डॉक्टर, चालेल ना ती?"

"बघू या," डॉक्टर मराठीत म्हणाले. "प्रयत्न करायचे. धीर सोडायचा नाही."

बाबांनी हात जोडले. आईने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "ऐकलंस ना? धीर सोडायचा नाही म्हणतात."

"हो," मी म्हटलं.

त्या दिवसापासून मला जे माहीत होतं ते त्यांना माहीत नव्हतं. आई रोज विचारायची, "आज काही कळलं का पायाला?" एकदा तिचा चेहरा बघवेना म्हणून मी म्हटलं, "थोडं." ती बाहेर जाऊन रडली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि ती हसत होती. तसं मी पुन्हा कधी म्हटलं नाही.

*

वॉर्डात लाज सगळ्यात आधी जाते. लघवीला नळी लावलेली असते. संडास दुसरं कुणी साफ करतं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ठरल्या वेळी चारजण येऊन कूस बदलतात, आणि आपल्याबद्दल आपल्या अंगावरूनच एकमेकांशी बोलतात. मी शाळेत बाथरूमला जायची परवानगी मागायला लाजणारी मुलगी. पहिले काही दिवस मी डोळे मिटून घ्यायची, म्हणजे आपण तिथे नाही असं वाटायचं.

शेवंताबाई नावाच्या आया होत्या. त्या एकट्या विचारायच्या. "काय राणीसाहेब, आज खिडकी का भिंत?"

"खिडकी."

"खिडकीत काय ठेवलंय? समोर पुरुषांचा वॉर्ड हाय. तरी म्हनलं ही खिडकी का मागती!"

मला हसू आलं की मान दुखायची, आणि मग त्याच ओरडायच्या, "हसू नको गं बाई, मला बोलणी खायला लावशील." डोक्याचा चिमटा काढून टाकल्यावर त्यांनी कुणाला न विचारता माझे केस धुतले. खाटेच्या कडेला बादली ठेवून, मानेखाली हात धरून. मानेवरून ऊन पाणी गेलं ते मला कळलं. मानेच्या खाली किती कळतं याच्याच चौकशा सगळे करत होते, मानेच्या वरचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. मी रडले. शेवंताबाईंनी साबण डोळ्यात गेला असं आईला सांगितलं.

नंदा एकदा आली. पालघरहून गाडी पकडून, कॉलेज बुडवून. नेमकं तेव्हा आईच्या माहेरची माणसं भेटायला आली होती. त्यांनी विचारलं, "ही कोण?"

"हिच्या कॉलेजातली," आई म्हणाली, आणि नंदाला बाहेर घेऊन गेली. वॉर्डाचं दार उघडंच होतं.

"तू आलीस की लोक विचारतात गं," आई म्हणत होती. "काय झालं, कुठे झालं, कोण होतं. मी काय काय सांगू? तिचं पुढे सगळं व्हायचंय अजून."

"काकी, मी कुनाला काय बोलणार नाय."

"तरीपण."

नंदा परत आत आली ती पर्स घ्यायला. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "मला वाटलं तुला पानी दिसतंय. आमाला ते बघायला लागत नाय, म्हणून तुला सांगायचं सुचलंच नाय." मी तिला थांब म्हणायला हवं होतं. ती गेली.

घरीही कुणी दांडीचं नाव काढेना. भाऊ एकदा कॉलनीच्या गेटपर्यंत आले होते, असं मला नंतर कळलं. बाबांनी त्यांच्याशी उभ्याउभ्याच बोलून त्यांना वाटेला लावलं. बाबा वाईट माणूस नाहीत. त्यांना कुणावर तरी रागवायचं होतं, आणि माझ्यावर रागवता येत नव्हतं.

*

मग व्यायामाचा हॉल. तिथे बायका-पुरुष एकत्र असायचे. माझ्या शेजारच्या गादीवर पाम गावचा एक तरुण होता, रमेश नावाचा. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. त्याची बायको त्याचे पाय वर-खाली करून द्यायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "विहिरीच्या काठावरून पाय घसरला यांचा."

ती पाणी आणायला गेली की तो छताकडे बघत म्हणायचा, "घसरला कुठला! उन्हाळ्यात विहीर आटलेली. रोजच्यासारखा पाय पोटाशी घेऊन मुटका मारायच्या ऐवजी सूर मारला. भावकीतले सगळे बघत होते ना."

"मग घरचे असं का सांगतात?" मी विचारलं. अनोळखी माणसाला मी आपणहून विचारलेला हा बहुधा पहिला प्रश्न.

"खरं सांगितलं तर म्हणतील प्यायला असेल. मी शिवलोसुद्धा नव्हतो हो." मग म्हणाला, "आणि तुमचं?"

"माझाही पाय घसरला," मी म्हटलं.

तो माझ्याकडे वळू शकत नव्हता, पण हसला ते मला ऐकू आलं.

व्यायाम करून घेणाऱ्या बाई म्हणाल्या की मे महिना आला की असे रुग्ण येतातच. कुणी विहिरीत, कुणी दगडाच्या खाणीत साठलेल्या पाण्यात, कुणी खाडीत. बहुतेक तरुण, चांगले पोहणारे. ज्याला पोहता येत नाही तो सूर मारायला जातच नाही. "आणि सगळे म्हणे घसरतात," त्या म्हणाल्या आणि माझ्या मनगटाला पट्टा बांधू लागल्या. त्या पट्ट्यात पेन्सिल अडकवून मी लिहायला शिकले. हेही तसंच लिहिते आहे.

त्या दिवसानंतर आई शेवाळाची गोष्ट सांगू लागली की मला रमेशचं ते हसणं ऐकू यायचं. रमेशच्या गावातली पोरं आता काय करत असतील? काठावरून जपून चालत असतील. आणि मग सूर मारत असतील.

पण आईला तोडणं मला जमत नव्हतं. ती माझ्यासाठी खोटं बोलत होती. तिच्याजवळ मला द्यायला दुसरं काही उरलं नव्हतं.

*

मला घरी आणलं तेव्हा थंडी सरली होती. बाबांनी पुढच्या खोलीत खिडकीपाशी खाट टाकली आणि कारखान्यातल्या सुताराकडून न्हाणीघराचा उंबरा काढून घेतला. चाकांची खुर्ची आली. आईने तिच्यावर जुनी चादर टाकून ठेवली होती. कुणी आलं की ती आधी चादर नीट करायची, मग दार उघडायची.

एका संध्याकाळी देसाई काकू आल्या. आमच्या समोरच्याच ब्लॉकमधल्या. त्यांची स्वाती माझ्याच शाळेत, मला बरीच मागे. मोकळी, धीट मुलगी. सुट्टीत पुण्याला गेली तेव्हा माझ्या मामानेच तिलाही त्याच तलावावर पोहायला पाठवलं होतं. काकूंनी संत्री आणली होती. आई चहा ठेवायला उठली.

"परीक्षा संपली बाई एकदाची," काकू म्हणाल्या. "आता उद्या वर्गातल्या मुली दांडीला चालल्यात, डबे घेऊन. नाही म्हणणार होते. हिचं असं झालेलं पाहिल्यापासून माझा जीवच होत नाही."

"जाऊ दे की," आई आतून म्हणाली. "फक्त त्या धक्क्यावर शेवाळ फार असतं हो. तिथंच हिचा पाय गेला."

"तेच सांगितलंय मी तिला. म्हटलं, पायरीवर चप्पल काढू नकोस, कुणाचा तरी हात धरून चाल. एकदा पाण्यात गेलीस की मग मला काळजी नाही." काकू संत्रं सोलत माझ्याकडे बघून हसल्या. "सूर तर इतका सुंदर मारते! तलावावरचे सर म्हणत होते, मीनलनंतर हीच."

आतमध्ये कपबशी वाजली आणि थांबली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं की मी बोलणार, मला कळायच्या आधी. तिने मान हलवली, अगदी थोडी. नको.

काकूंनी संत्र्याची फोड माझ्या तोंडाशी धरली होती. मी तोंड बाजूला केलं.

"मिनू," आई म्हणाली.

मी आईकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर जमलं नसतं.

"काकू, माझा पाय घसरला नव्हता. मी सूर मारला होता. वरून कळलं नाही, पण पाणी कमरेएवढंच होतं. माझी मान तिथं मोडली आणि मी आता कधीच चालणार नाही, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. स्वातीला इथे पाठवा. आत्ता, आज. मला तिला सांगायचंय, आधी पायांनी उतरायचं, तळ लागतो का बघायचं, आणि तिथल्या माणसांना विचारायचं आज पाणी किती आहे. ती विचारायला लाजली तर मी विचारीन. मला तिच्याबरोबर घेऊन चला."